आजारपणात नवं फळ नको: किवी, ड्रॅगन फ्रूट आणि आपण



पावसाळा लागला, तापाची साथ सुरू झाली, की ओपीडीत एक प्रश्न रोज ऐकू येतो. "डॉक्टरसाहेब, पेशी कमी झाल्या म्हणतात. ड्रॅगन फ्रूट देऊ का? की किवी?" विचारणारे बरेचदा धानाच्या रोवणीतून खाडा करून आलेले असतात. रुग्णानं ते फळ आयुष्यात कधी खाल्लेलं नसतं, कित्येकदा पाहिलेलंही नसतं. दवाखान्याच्या आसपासच्या हातगाडीवर एका किवीला ३०-४० रुपये, ड्रॅगन फ्रूटला त्याहून कितीतरी जास्त, आणि साथ जोरात असली की भाव आणखी चढतो. तरी माणसं घेतात. घरचा माणूस सलाईनवर पडलेला असताना कोण घासाघीस करणार?

नव्या फळांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. आज आपण ज्यांना घरची म्हणतो ती पपई, पेरू, सीताफळ, चिकू, अननस ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी मंडळींबरोबर ती इकडे आली. विलायती चिंच, म्हणजे आपली चिचबिलाई, तीही मेक्सिकोकडची. कोणीतरी कधीतरी ती भीत भीत पहिल्यांदा खाल्लीच असेल. तेव्हा नवं फळ जरूर खा. माझं म्हणणं वेगळं आहे. कोणतंही अनोळखी फळ पहिल्यांदा खाण्याची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे आजारपण, आणि आपण नेमकं तेव्हाच ते विकत आणतो.

पेशी कोण वाढवतं?

डेंग्यूचा ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो. ताप उतरायला लागतो त्याच सुमारास प्लेटलेट, म्हणजे आपण ज्यांना नुसतं 'पेशी' म्हणतो त्या, सगळ्यात कमी होतात. त्यानंतर एक-दोन दिवस जपण्याचे असतात. ते नीट पार पडले की पेशी आपोआप वाढू लागतात. कोणतंही औषध न देता, कोणतंही फळ न खाता वाढतात. शरीराची अस्थिमज्जा ते काम करत असते.

आता बघा काय होतं ते. पाचव्या दिवशी रिपोर्टमध्ये पेशी ४०,००० येतात. घरचे घाबरतात, मामा भंडाऱ्याच्या बाजारातून किवीचा डबा आणतो. सातव्या दिवशी पेशी ८०,००० होतात. श्रेय कोणाला? किवीला. त्या दोन दिवसांत तुम्ही रुग्णाला उकडलेला बटाटा दिला असता तरी आकडा वाढलाच असता, आणि मग गावभर बटाट्याचं नाव झालं असतं. आपल्याकडे नुस्का असाच जन्माला येतो.

किवीनं किंवा ड्रॅगन फ्रूटनं डेंग्यूच्या रुग्णाच्या पेशी वाढतात, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. किवीत क जीवनसत्त्व भरपूर असतं, हे खरं. पण हिरव्या किवीत १०० ग्रॅममागे ते साधारण ९० मिलिग्रॅम असतं, आणि पेरूत २०० च्या घरात. आवळ्यात त्याहूनही जास्त. ड्रॅगन फ्रूट यात पेरूच्या आसपासही पोहोचत नाही. त्यात बहुतांश पाणीच असतं. आणि मुळात क जीवनसत्त्वाचा आणि डेंग्यूत पेशी घटण्याचा तसा काही संबंध नाही.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेकदा पेशींच्या आकड्यानं नाही. रक्तवाहिन्यांमधून पातळ द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब कोसळतो, त्यानं दगावतो. म्हणून खरं औषध आहे पाणी. ओआरएस, भाताची पेज, लिंबू सरबत, ताक, वरणाचं पाणी, शहाळं. तांदूळ तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. मीठ घातलेली पातळ पेज दर तासाला थोडी थोडी पाजणं हे किवीपेक्षा कितीतरी मोलाचं काम आहे, पण त्याला डबा नाही, स्टिकर नाही, आणि भेटायला येणाऱ्यानं पेज आणली तर ती दिसतही नाही! (किडनीचा, हृदयाचा किंवा यकृताचा जुना आजार असेल तर किती पाणी द्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून किंवा शौचावाटे रक्त, लघवी कमी होणं, रुग्ण गळून जाणं किंवा असंबद्ध बोलणं, हातपाय थंड पडणं, यातलं काहीही दिसलं तर फळाच्या गाडीकडे नाही, थेट दवाखान्याकडे यायचं. ताप उतरला असला तरी यायचं. ताप उतरल्यावरच तर हे होतं.

लाल रंगाचा घोटाळा

ड्रॅगन फ्रूट दोन प्रकारचं मिळतं, आतून पांढरं आणि आतून लालभडक. लाल गराला रंग देणारं द्रव्य बीटाच्या रंगाच्या कुळातलं आहे. अनेकांच्या शरीरात तो रंग पूर्ण मोडला जात नाही. तो शौचातून लाल आणि लघवीतून गुलाबी होऊन बाहेर पडतो. निरोगी माणसाला यात काहीही धोका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी घाबरगुंडी उडते, एवढंच.

पण डेंग्यूच्या रुग्णाचा विचार करा. आम्ही घरच्यांना बजावून सांगितलेलं असतं, की शौचात रक्त दिसलं तर अर्ध्या रात्री असाल तसे या. आणि त्याच रुग्णाला कोणीतरी लाल ड्रॅगन फ्रूट खाऊ घालतं. मोहाडीकडचं एक कुटुंब असंच रात्री दीड वाजता गाडी करून आलं होतं. तपासलं, रुग्ण उत्तम होता. संध्याकाळी काय खाल्लं विचारल्यावर उलगडा झाला. गाडीभाडं गेलं, झोप गेली, बाकी निभावलं.

मला भीती वाटते ती याच्या उलट घडण्याची. एकदा असं झालं की घरच्यांना वाटतं, लाल दिसतंय ते फळाचंच असणार. आणि त्या वेळी ते खरंच रक्त असलं तर? आतड्यातून रक्त जात असताना घरी सहा तास वाया जाऊ शकतात. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. त्यांच्यात कधी कधी लघवीतून खरोखर रक्त जातं. अशा घरात हा रंगाचा घोटाळा महागात पडू शकतो. म्हणून तापात, सिकलसेलच्या त्रासात, मूळव्याधीचं किंवा अल्सरचं रक्त जात असताना लाल ड्रॅगन फ्रूट नको. हवंच असेल तर पांढरं घ्या, आणि तेही बरं झाल्यावर.

पुरळाचंही तसंच आहे. डेंग्यूत अंगावर पुरळ येतं, खाज सुटते. अनोळखी फळाच्या अॅलर्जीनंही पुरळच येतं, उलट्या होतात, पोट दुखतं. दोन्ही एकाच वेळी झालं तर काय कशानं झालं हे ओळखताना डॉक्टरचीही दमछाक होते.

रानातल्या फळांना सांगणारं कोणी होतं

माझ्या पिढीनं लहानपणी रानमेवा भरपूर खाल्ला. चारं, टेंभरं, बोरं, कवठं, जांभळं, तलावातले शिंगाडे. यातलं सगळंच निरुपद्रवी नव्हतं. बिबा घ्या, म्हणजे आपला भिलावा. त्याच्या बोंडाचा पिकलेला पिवळा-नारिंगी भाग भाजून खातात, आतली गोडंबी खातात, आणि मधल्या टरफलातला काळा रस कातडीला लागला तर फोड उठतात. एकाच फळात जेवणही आणि जखमही. पण कोणता भाग कसा खायचा हे सांगणारी आजी घरात होती. कच्चं टेंभर तोंडात टाकलं की जीभ कशी आखडते हे एकदा अनुभवलं की दुसऱ्यांदा कोणी टाकत नसे.

कळमन्याच्या बाजारातून ट्रकनं येणाऱ्या फळाबरोबर अशी आजी येत नाही. त्याच्यासोबत येतो तो व्हॉट्सअॅपचा मेसेज, आणि तो फळाचे दहा फायदे सांगतो, तोटा एकही सांगत नाही. आजीचं काम म्हणून चार गोष्टी मीच सांगून टाकतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट किडनीच्या रुग्णांसाठी. स्टार फ्रूट म्हणजे कमरख. कापलं की चांदणीच्या आकाराच्या चकत्या पडतात, शहरात आता हॉटेलच्या ताटात सजावटीलाही ठेवतात. चांगल्या किडनीच्या माणसानं एखादं खाल्लं तर बिघडत नाही. पण किडनी निकामी झालेल्यानं, डायलिसिसवर असलेल्यानं एक फळ खाल्लं तरी जिवावर बेतू शकतं. काही तासांत न थांबणारी उचकी लागते, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो, झटके येतात. मृत्यूही झालेले आहेत. ब्राझीलमध्ये साओ पावलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये यामागचं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य शोधून काढलं, त्याला कॅरॅम्बॉक्सिन असं नाव दिलं. चांगली किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते, बिघडलेली टाकू शकत नाही. शिवाय या फळात ऑक्झलेटही खूप असतं. ग्लासभर रस उपाशीपोटी प्यायल्यानं धडधाकट माणसांच्या किडनीला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डायलिसिसच्या रुग्णाला उचकी लागली तर साखरेचा खडा देत बसू नका. काय खाल्लं ते विचारा आणि लगेच डायलिसिस सेंटरला कळवा. वेळेवर डायलिसिस झालं तर बरेच जण वाचतात.

किडनीच्या रुग्णांना दुसरी अडचण पोटॅशियमची. अॅव्होकॅडोत ते केळ्यापेक्षाही जास्त असतं, किवीतही बरंच. शहाळ्यातसुद्धा असतं. भेटायला येणारे प्रेमानं नेमक्या याच गोष्टी आणतात. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, तेही फारशी पूर्वसूचना न देता. या रुग्णांना कोणतं फळ किती, हे त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. मॉलमध्ये ग्रेपफ्रूट मिळतं, दिसायला मोठ्या मोसंबीसारखं, चवीला कडवट. १९८९ मध्ये कॅनडातल्या काही डॉक्टरांनी रक्तदाबाच्या एका गोळीवर प्रयोग करताना दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त भरलं. शोध कसा लागेल सांगता येत नाही. आतड्यात औषध मोडणारं जे एन्झाइम असतं, तेच हा रस बंद पाडतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या (ॲटोर्वास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन), रक्तदाबाच्या काही गोळ्या, आणि किडनी प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणाऱ्यांनी ते टाळावं. आपल्या पपनसातही त्याच जातीची द्रव्यं असतात, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत एखादी फोड ठीक, रोज अर्धं पपनस नको.

थंडीच्या तोंडावर हिमाचलकडून एक नारिंगी, टोमॅटोसारखं दिसणारं फळ येतं. इंग्रजीत पर्सिमॉन, तिकडे त्याला 'जापानी फल' म्हणतात. हा आपल्या टेंभुर्णीचाच भाऊबंद, एकाच कुळातला. कच्चं असेल तर टेंभरासारखीच जीभ आखडतं, आणि ते उपाशीपोटी खूप खाल्लं तर पोटात त्याचा घट्ट गोळा बनू शकतो. जठराचं ऑपरेशन झालेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी पूर्ण पिकलेलं, मऊ झालेलं खावं. फार सुरेख लागतं.

लिचीबद्दल दरवर्षी उन्हाळ्यात विचारणा होते. बिहारमधल्या मुजफ्फरपूरला लहान मुलं पहाटे झटके येऊन दगावत होती. २०१४ मध्ये भारतीय आणि अमेरिकी तज्ज्ञांनी मिळून त्याचा तपास केला. लिचीत, विशेषतः कच्च्या लिचीत, शरीराची साखर तयार करण्याची क्रिया रोखणारी द्रव्यं असतात. दिवसभर बागेत लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना धोका जास्त होता, असं दिसलं. मोठा वाटा उपाशी झोपण्याचा. आपल्याकडे जेवून-खाऊन असलेल्या मुलानं बाजारातल्या पाच-सहा पिकलेल्या लिच्या खाल्ल्या तर घाबरण्याचं काही कारण नाही. मूल उपाशी झोपू नये, एवढं बघा. बी मात्र काढून द्या. लहान मुलाच्या घशात लिचीची किंवा रम्बुतानची बी अडकणं हा विषापेक्षा रोजचा धोका आहे.

आणि हनुमानफळ. सीताफळाच्या कुळातलं, काटेरी, हिरवं. यानं कॅन्सर बरा होतो असं सांगून त्याचा रस, पानांचा काढा, पावडर सगळं विकलं जातं. माणसांमध्ये यानं कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. कॅरिबियन बेटांपैकी ग्वादलूपमध्ये हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार जास्त दिसतो, असा संबंध १९९९ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी मांडला होता. कधीतरी फळ म्हणून खाल्लं तर ठीक. केमोथेरपीची तारीख टाळून काढा पिणं ठीक नाही. या बाबतीत मी ओपीडीत आवाज चढवतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मग पहिल्यांदा खायचं कसं?

सगळे ठणठणीत असताना, घरी, दिवसाउजेडी. एका वेळी एकच नवं फळ. चाखायला दोन लहान फोडी, मग उरलेलं उद्यासाठी. अॅलर्जी असेल तर ती बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत कळते. रात्री दहाला, किंवा नागपूर-रायपूरच्या प्रवासात हा प्रयोग कशाला?

किवी हाताला किंचित मऊ लागली की पिकली, कडक असेल तर दोन दिवस केळ्यांबरोबर ठेवा. ती खाताना जिभेला थोडं टोचल्यासारखं होतं, अननसानंही होतं. तेवढंच असेल तर काळजी नको. दुधात घातली तर दूध कडू होतं, त्यामुळे मिल्कशेक जमत नाही. ड्रॅगन फ्रूट मधोमध कापून चमच्यानं खायचं, साल टाकून द्यायची. निवडुंगाच्या जातीचं हे मध्य अमेरिकेतलं फळ आता सांगली-सोलापूरकडचे आपले शेतकरीच पिकवतात. गुजरात सरकारनं २०२१ मध्ये त्याचं नाव 'कमलम' ठेवलं. चव मात्र नावाएवढी नाही, हे माझं वैयक्तिक मत. अॅव्होकॅडो गोड नसतं, कुस्करून मीठ, लिंबू, कांदा, मिरची घातली तर आपल्या जिभेला पटतं.

मधुमेहींनी 'यात साखर नसते' या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. किवी, ड्रॅगन फ्रूट दोन्हींत साखर असते. एका वेळी मूठभर फोडी, जेवणाला जोडून नाही, आणि रस काढून तर मुळीच नाही.

ज्यांना रबरी हातमोज्यांची किंवा फुग्याची अॅलर्जी आहे त्यांनी किवी आणि अॅव्होकॅडो जपून. रबरातल्या आणि या फळांतल्या काही प्रथिनांत साम्य असतं, शरीर त्यात फरक करत नाही. केळ्यानं घसा खाजत असेल तर तीही खूण समजा. दमा असलेल्यांनी, आणि पूर्वी कोणत्याही खाण्यानं अंगावर गांधी उठलेल्यांनी, आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

दवाखान्यात भेटायला जाताना फळं न्यायचीच असतील तर रुग्णाला आधी एक फोन करा, काय चालतं विचारा. बरेचदा रुग्णापेक्षा सोबतच्या माणसालाच जेवणाची गरज जास्त असते. त्याला घरची भाकरी-भाजी नेऊन द्या.

नवं फळ खाल्ल्यावर ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, आवाज बसला, श्वास घेताना घरघर होऊ लागली, चक्कर आली, तर "बघू थोडा वेळ" म्हणत थांबू नका. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या दवाखान्यात या, लाखांदूर-पवनीकडे असाल तर भंडाऱ्याची वाट न बघता तिथल्याच ग्रामीण रुग्णालयात. येताना फळाचं उरलेलं साल सोबत आणा किंवा त्याचा फोटो काढून ठेवा. नाव सांगता आलं नाही तरी चालेल.